चांपो, शाम्पू आणि सकाळचं पहिलं पाणी

माझ्या आईनं कमलनगरात फेसाचा पूर आणला, ही गोष्ट मी आजवर शंभर जणांना तरी सांगितली असेल, आणि दर वेळी फेस थोडा वाढवला आहे. कलबुर्गीत आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तर तो एकदा थेट बसस्टँडपर्यंत पोचला होता. आता लिहून ठेवायचं म्हटल्यावर जरा शिस्त पाळते. फेस घोट्याच्या वर होता आणि गुडघ्याच्या खाली होता. एवढं मी कुठल्याही कोर्टात सांगेन.

कमलनगर आता तालुक्याचं गाव झालंय, तहसीलदार वगैरे बसतात. तेव्हा ते औराद तालुक्यातलं एक मोठं खेडं होतं आणि त्याची सगळी शान जीप थांबायच्या चौकात होती. त्याच चौकात माझ्या अप्पाचं कटिंगचं दुकान. दोन खुर्च्या, एक आरसा, भिंतीवर बसवण्णांचा फोटो, आणि खाली खोबरेल तेलाचा डबा. बाहेर जीपवाले "उदगीर, उदगीर, उदगीर" म्हणून घसा फोडायचे आणि आत गिऱ्हाईक मान मागे टाकून म्हणायचं, "भई, जरा चंपी कर." मग अप्पाच्या दोन्ही हातांचा डोक्यावर असा काही ताशा वाजायचा, की शाळेतून येताना मला चौक दिसायच्या आधी तो ऐकू यायचा. दुकानात उर्दू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी आणि घरात तिन्हींची भेळ, अशी आमची बोली. इंग्रजी मात्र आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला येत नव्हती, आणि मला ती किती येत होती ते पुढे येईलच.

माझी आई, म्हणजे अव्वा, गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची. गुंडव्वा म्हटलं की तिन्ही आळ्यांत कुणालाही पत्ता विचारायची गरज नव्हती. पहाटे ती कमरेला पदर खोचून, करडईच्या तेलाची बाटली काखेत मारून निघायची आणि उन्हं चढेपर्यंत दोन किंवा तीन घरं करून परतायची. घर म्हणायची नाही ती, पाणी म्हणायची. आज दोन पाणी हायत, उद्या तीन. यातल्या पहिल्या पाण्याला मोठा मान होता. तेव्हा हात ताजे असतात, अंगात जोर असतो, दुसऱ्या कुणाच्या घरचं तेल हाताला लागलेलं नसतं. म्हणून पहिलं पाणी कुणाच्या घरी, यावरून गावात कोण मोठं ते कळायचं. एकाच वेळी दोन मोठ्या घरांत बाळंतपण आलं की अव्वाच्या दारात आदल्या दिवशी दोन्हीकडचा निरोप यायचा आणि ती गालातल्या गालात हसत भाकरी थापत बसायची.

तिचं काम मी कितीदा पाहिलं असेल. बाळंतिणीला पाटावर बसवायची आणि आधी नुसते तळवे तिच्या पाठीवर ठेवून गप्प राहायची, कुठं गाठ आहे ते ऐकतेय अशी. मग मानेपासून कमरेपर्यंत अंगठ्यानं दाबत जायची, दाबायची, थांबायची, सोडायची. "चोळणं कातडीला, चेपणं हाडाला," असं ती म्हणायची, आणि निव्वळ चोळणाऱ्या बायकांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. नंतर बंबातलं कढत पाणी, मग ओव्याची धुरी, मग खाटेखाली शेगडी. बाळाला पाय पसरून नडगीवर आडवं घ्यायची, आणि जे पोर घरच्यांना रात्रभर नाचवायचं ते तिच्या पायावर ऊन पाण्याच्या धारेखाली डोळे मिटून पडायचं. घरी आली की तिच्या लुगड्याला ओवा, धूर आणि दूध यांचा वास असायचा. पदराच्या गाठीत एखादा डिंकाचा लाडू असायचा, आणि पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या, भाजीबरोबर कडक भाकरी खाण्याआधी तो माझ्या पोटात गेलेला असायचा. अजूनही कुठल्या लग्नाच्या पंगतीत डिंकाचा वास आला तर मी आधी पदराची गाठ शोधते.

मी नववीत होते त्या उन्हाळ्यात आडतवाल्या शिवलिंगप्पांची मुलगी रेणुका पहिल्या बाळंतपणाला हैदराबादहून माहेरी आली. शिवलिंगप्पांची बायको काशीअक्का म्हणजे आमच्या आळीची अघोषित सरपंच. तिच्या घरी पहिलं पाणी असायचं यात विशेष काही नव्हतंच. बाराव्या दिवसानंतर डोक्यावरून न्हाऊ घालायची वेळ आली तेव्हा रेणुकानं अव्वाच्या हातात एक बाटली दिली. हिरवी, पारदर्शक, वर इंग्रजी अक्षरं. गावात तोवर शाम्पूच्या पुड्या किराणा दुकानात तोरणासारख्या लटकायला लागल्या होत्या, पण बाटली कुणी पाहिली नव्हती. "गुंडव्वा, उद्या शिकेकाई नको," रेणुका म्हणाली, "हे लाव."

अव्वा काही वेडी नव्हती. जी वस्तू माहीत नाही ती बाळंतिणीच्या डोक्यावर घालायची नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं ती बाटली पदराखाली घालून घरी आणली आणि दिवेलागणीला माझ्यापुढे ठेवली.

"म्हादी, वाच बरं. काय लिवलंय? कसं लावायचं म्हणते?"

माझं नाव महादेवी. नववीत इंग्रजीत वर्गात दुसरी. मी बाटली कंदिलापाशी धरली, भुवया उंचावल्या आणि डॉक्टर एक्सरे बघतात तशी बघितली. अक्षरं बारीक, ओळी चार. त्यातल्या पहिल्या ओळीवर मी थांबलेच नाही, कारण दुसऱ्या ओळीत मला एक ओळखीचा शब्द दिसला आणि आनंदानं माझे डोळे तिथंच बसले. मसाज. अप्पाच्या दुकानाच्या पाटीवर तो मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेला होता. पुढे लेदर की लॅदर असं काहीतरी होतं, ते कातड्याचं असेल म्हणून मी सोडलं. त्याच्यापुढे रिन्स. हा शब्द मी जन्मात वाचला नव्हता. आणि शेवटी रिपीट. तो मात्र पक्का येत होता, आमचे सर रोज म्हणायचे, रिपीट आफ्टर मी.

"न्हाई येत व्हय?" अव्वानं विचारलं.

नाही येत, एवढे दोन शब्द मी बोलले असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण नववीतली, वर्गात दुसरी आलेली मुलगी आणि समोर तिची अडाणी आई. मी म्हणाले, "येतंय की. डोक्याला लावायचं आणि चेपायचं. मग परत एकदा लावायचं, परत चेपायचं."

"पाणी?"

"शेवटी," मी म्हणाले.

अव्वाचा चेहरा खुलला. "म्हणजे तेलासारखंच की," ती म्हणाली. "मग काय अवघड हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मीही तिच्या मागे गेले. रेणुका पाटावर बसली, अव्वानं अर्धी बाटली तिच्या कोरड्या डोक्यावर ओतली आणि पाऊण तास चेपलं. तिच्या आयुष्यातलं उत्तम चेपणं असावं ते, रेणुकाचे डोळे मिटले, मान सैल पडली. मग माझ्या सांगण्याप्रमाणे उरलेली अर्धी बाटली ओतून पुन्हा चेपलं. मग पहिला तांब्या ओतला.

सुरुवातीला काहीच झालं नाही. दुसऱ्या तांब्याला रेणुकाचं डोकं दिसेनासं झालं. तिसऱ्याला फेस खांद्यावर, चौथ्याला न्हाणीभर, आणि अव्वा घाबरून जितकं पाणी ओतत होती तितका तो वाढत होता. न्हाणीच्या मोरीतून तो अंगणात आला, अंगणातून शांतपणे, सण असल्यासारखा, रस्त्यावर निघाला. बंब संपला. उन्हाळ्याचे दिवस, बोअरला दिवसातून एक तास पाणी, शेजारून हंडे मागवले, तेही गार. शेजारच्या बायका हंडे द्यायला आल्या त्या हंडे हातात धरून हसत उभ्याच राहिल्या. आमच्या वर्गातली पोरं फेसात नाचायला लागली. मी हसले नाही, असं मी पुष्कळ ठिकाणी सांगितलंय. खरं तर पहिल्या मिनिटाला मीही हसले.

मग रेणुका शिंकली. गार पाण्यानं ती अर्धा तास भिजत होती. संध्याकाळी तिला ताप भरला, दुसऱ्या दिवशी बाळाचं नाक चोंदलं, आणि तिसऱ्या दिवशी काशीअक्कानं अव्वाला दारात उभं करून, आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोरड्या डोक्याला शाम्पू लावायचं तुला कोण सांगितलं गं? कुणाला विचारून केलीस?"

मी अव्वाच्या शेजारी उभी होते. ओल्या केसांना लावा, हे मी सोडून दिलेल्या पहिल्या ओळीतच होतं. अव्वानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोण सांगल अक्का," ती म्हणाली, "माझंच चुकलं."

"आता तुझी गरज न्हाई आम्हाला. बाटलीतनं सगळं यायलंय आता. तुझं तेल तुलाच ठिव."

घरी येईपर्यंत मी ठरवत होते की आत्ता सांगू, ओट्यावर चढल्यावर सांगू, दार उघडल्यावर सांगू. दार उघडलं, अव्वानं तेलाची बाटली फळीवर ठेवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं, आणि मी काही सांगितलं नाही.

रेणुकाचा ताप चार दिवसांत उतरला, पण अव्वाचं नाव काही वर आलं नाही. पोरं तिला फेसव्वा म्हणायला लागली. दुसऱ्या दोन घरांनी निरोप पाठवले की आमची आत्या आली आहे, ती बघेल. खरं म्हणजे त्या आत्या कुठेच दिसत नव्हत्या. अव्वा पहाटे सवयीनं उठायची, चूल पेटवायची, मग कुठं जायचं नाही हे आठवून चुलीपुढे बसून राहायची. तिच्या हातांना काम नव्हतं, ते आपोआप स्वतःचेच गुडघे चेपायचे. अप्पा म्हणायचे, "चालतंय गं, दुकान हाय की." पण प्रश्न पोटाचा नव्हताच. ज्या बाईच्या हातावर अर्धं गाव मोठं झालं तिच्या हाताला आता गाव हसत होतं, आणि हे कुणामुळे ते तिला आणि मला दोघींनाच माहीत होतं. तिनं ते मला एकदाही ऐकवलं नाही. तिनं मला दोन थपडा दिल्या असत्या तर मला निदान झोप तरी लागली असती.

शेवटी मी कांबळे सरांकडे गेले. ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. मूळचे जनवाड्याचे, बौद्ध, गावाच्या खालच्या अंगाला भीमनगरात राहायचे. शब्दाचा अर्थ विचारला की ते कधी सांगायचे नाहीत. "विचारायचं नाही, शोधायचं," म्हणून डिक्शनरीकडे बोट करायचे. ती डिक्शनरी वर्तमानपत्राच्या कव्हरातली, उशीएवढी, आणि शाळेच्या कपाटात ठेवली तर उंदीर खातील म्हणून ती त्यांच्या घरी असायची.

"सर, रिन्स म्हणजे काय?"

त्यांनी बोट केलं. मी ओसरीवर मांडी घातली, पानं उलटली. रिन्स, स्वच्छ पाण्यानं साबण किंवा मळ काढून टाकणे. लॅदर, साबणाचा फेस. दोन्ही शब्द वाचून मला इतका राग आला, एवढं साधं होतं ते. रागारागातच मी बाटलीवरचा तो मोठा शब्दही काढला. शाम्पू. केस धुणे, केस धुण्याचा द्रव, हे मला माहीत होतं. पण त्याच्याखाली कंसात बारीक अक्षरांत आणखी काही होतं.

"मोठ्यानं वाच," सर म्हणाले.

मी अडखळत वाचलं. हा शब्द इंग्रजीचा नाही. हिंदीतल्या चांपो या शब्दावरून आलेला. चांपो म्हणजे दाब, चेप. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ अंग दाबून, चेपून, मालिश करून देणे एवढाच होता, आणि केस धुण्याचा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला.

मी ते दोनदा वाचलं. चांपो. माझ्या डोळ्यांपुढे अप्पाचं दुकान आलं, मान मागे टाकलेलं गिऱ्हाईक आणि त्याची चंपी.

"साहेब लोक इथे आले," सर म्हणाले. त्यांना हसू येत होतं. "दमून भागून पडायचे. त्यांच्या अंगाला कुणीतरी हात लावायचा, आणि शेजारून कुणीतरी म्हणायचं, चांपो, चांपो. साहेबाला वाटलं हेच कामाचं नाव. घेऊन गेला गावाला. पुढे तिकडे डोकं चेपता चेपता साबण आला, आणि चेपणारा गेला, साबण राहिला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तुला हा शब्द आजच कामून पाहिजे झाला?"

आणि मी सगळं सांगितलं. कंदील, मसाज, रिपीट, माझंच चुकलं म्हणालेली अव्वा, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट काही न वाढवता सांगितली. सर ऐकत होते. आतल्या खोलीत त्यांचं तान्हं बाळ रडत होतं, आठ दिवसांचं. सरांच्या बायकोचं, सुजातावहिनींचं हे दुसरं बाळंतपण, त्यांची आई आजारी म्हणून त्या माहेरी गेल्या नव्हत्या. बाळ थांबेना तशा त्याच उठल्या, एका हातानं भिंत धरून, आणि न्हाणीत पाणी काढायला लागल्या.

"वहिनींना न्हाऊ कोण घालतं?" मी विचारलं.

"तिचं तीच," सर म्हणाले. आणि अगदी साध्या आवाजात, वर्गात एखादं उत्तर सांगावं तसं, पुढे म्हणाले, "ह्या गल्लीत कोण येतंय ते काम करायला?"

कुणी येत नव्हतं. अव्वाही कधी गेली नव्हती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तर ती गेली असती का, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

डिक्शनरी सरांनी मला घरी न्यायला दिली, टॉवेलात गुंडाळून. त्या संध्याकाळी मी अव्वापुढे मांडी घालून बसले आणि आधी कबूल केलं की मला तेव्हा वाचता आलं नव्हतं.

"ते मला कळालतं," अव्वा म्हणाली.

"कधी?"

"तू लई लवकर वाचलीस तेव्हाच. शंका आली होती. पण पोरगी म्हणायलीय म्हटल्यावर..."  मी डिक्शनरी उघडली आणि तिला चांपोची गोष्ट वाचून दाखवली, सरांच्या हातवाऱ्यांसकट, साहेबाच्या आवाजासकट. अव्वा ऐकत राहिली, मग तिचा पदर हलायला लागला, आणि पंधरा दिवसांनी आमच्या घरात ती हसली.

"म्हणजे त्या लोकांना चेपून घ्यायचं बी ठाऊक नव्हतं व्हय गं?"

"न्हाई."

"आन् बाटलीवर आमचंच काम लिवलंय."

"व्हय."

"मग मी त्या दिवशी काय वेगळं केलं? चेपलं की."

 मग मी तिला सुजातावहिनींबद्दल सांगितलं, भिंत धरून चालणाऱ्या, स्वतःच पाणी काढणाऱ्या. अव्वाचं हसू थांबलं. "आठ दिवसाची ओली बाई हंडा उचलायलीय?" एवढंच ती म्हणाली.

पहाटे मला भांड्याच्या आवाजानं जाग आली. अव्वा तेल कोमट करत होती. पदर खोचलेला. "ऊठ," ती म्हणाली, "सरांचं घर दाखव."

अप्पा खाटेवर उठून बसले. "कुठं निघालीस?"

"कामाला."

"भीमनगरात? अगं, काशीअक्काच्या घरचे काय म्हणतील? उद्या दुकानात कोण यायचं न्हाई."

"न्हाई आले तर न्हाई. महिनाभर केस वाढतील, मग तुमच्याकडंच येतील. दुसरं दुकान हाय का गावात?" ती घरातल्या भिंतीवरच्या बसवण्णांच्या फोटोकडे बघत म्हणाली, "आन् ह्यांच्यापुढं रोज हात जोडायलाव ते कशासाठी मग?"

अप्पा फोटोकडे बघून म्हणाले, "खोबरेल घेऊन जा. पोराच्या डोक्याला करडई उष्ण पडतंय."

सुजातावहिनींनी दार उघडलं आणि आमच्याकडे बघतच राहिल्या. "कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं. अव्वा म्हणाली, "बाई, पाणी तापलंय का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "मग मी तापवते, तू बस. उभी कामून ऱ्हायलीस?" त्या बसल्या, पण ताठ, कुठल्याही क्षणी कुणीतरी ही चूक दुरुस्त करायला येईल अशा. अव्वानं दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर ठेवले आणि बराच वेळ ठेवून दिले. मग अंगठा मानेशी गेला. कमरेपर्यंत पोचायच्या आत वहिनी रडायला लागल्या, आवाज न करता, आणि अव्वानं त्यांना थांबवलं नाही, ती नुसती चेपत राहिली. बाळ तिच्या नडगीवर गपगार झोपलं. ओसरीवर सर उगाचच वर्तमानपत्र उघडून बसले होते. ते वर्तमानपत्र उलटं नव्हतं. गोष्टीत मी ते उलटं करते, पण नव्हतं. दारापुढे गल्लीतल्या पाच-सहा बायका जमल्या होत्या आणि त्यातली एक, अवघडलेली, निघताना अव्वाला म्हणाली, "मावशी, मला पुढच्या महिन्यात हाय."

"हाय ना मी," अव्वा म्हणाली.

ती रोज जायला लागली. गाव बोललं, आठवडाभर बोललं. अप्पाच्या दुकानात खरोखर चार गिऱ्हाइकं कमी झाली आणि, अव्वा म्हणाली तशी, केस वाढल्यावर परत आली. इकडे काशीअक्काच्या घरी बाळ पहाटेपासून किंचाळायचं ते आमच्या घरात ऐकू यायचं. रेणुकाची कंबर धरली होती. उदगीरहून एक नर्सबाई दोन दिवस आली, तिनं पावडर लावली आणि गेली. मग एका सकाळी काशीअक्काचा गडी निरोप घेऊन आला, आणि अव्वानं त्याला पाणी पाजून परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी काशीअक्का स्वतः आली. दुपारची वेळ, आळीतल्या बायका ओट्यांवर शेंगा फोडत होत्या. सगळ्यांचे हात थांबले.

"गुंडव्वा, झालं गेलं सोड," ती म्हणाली. "रेणुकाला उठता येईना. उद्या पहाटं ये. मी पाणी तापवून ठेवते."

मला राहवलं नाही. मी आत गेले, डिक्शनरी आणली, ओट्यावर उभी राहिले आणि पान उघडून वाचायला लागले. चांपो, साहेब, चेपणं, सगळं. इंग्रजी एकदा, मराठी दोनदा. शेंगावाल्या बायकांसाठी कन्नडमध्ये आणखी एकदा. काशीअक्का कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"म्हणजे काय? गुंडव्वाचं नाव छापलंय व्हय ह्याच्यात?"

"नाव न्हाई अक्का," मी म्हणाले, "काम छापलंय. आणि त्या दिवशी बाटली मी वाचली होती. चूक माझी होती. अव्वानं माझं नाव घेतलं न्हाई."

 काशीअक्कानं माझ्याकडे बघितलं, मग अव्वाकडे.  "ते जाऊ दे," ती शेवटी म्हणाली. "उद्या पहाटं येतेस ना?"

"पहाटं न्हाई जमायचं," अव्वा म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पहिलं पाणी सरांच्या घरी हाय. तुमचं दुसरं."

"सरांच्या? म्हणजे भीमनगरातनं तू आमच्या घरी येणार? त्याच हातानं?"

"हात दोनच हायत अक्का. दुसरे कुठनं आणू?"

एक शेंग कुणाच्या तरी हातून सांडली, ती सांडताना ऐकू आली. काशीअक्कानं पदर सावरला आणि ती तरातरा निघून गेली. अव्वानं सूप ओढलं आणि डाळ निवडायला घेतली. मी म्हणाले, "अव्वा, गेल्या की त्या." ती म्हणाली, "जाऊ दे. त्यांना वाट ठाऊक हाय." पण तिच्या हातातली डाळ आणि खडे दोन्ही एकाच बाजूला पडत होते, ते मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही सरांच्या घरून निघालो, अव्वा पुढे, मी मागे, आणि आमच्या आळीच्या तोंडाशी आलो तर काशीअक्का आपल्या दारात उभी. मागे न्हाणीतून वाफ येत होती, बंब पेटलेला होता. तिनं अव्वाच्या तेलकट हातांकडे बघितलं. आजूबाजूच्या ओट्यांवरच्या बायकांकडे बघितलं, त्या सगळ्या कामधंदा नसल्यासारख्या बाहेर आल्या होत्या. मग ती दारातून एका बाजूला झाली.

"ये," ती म्हणाली. "पाणी दोनदा तापवलं मी."

आत रेणुका पाटावर वाट बघत बसली होती. तास दीड तास अव्वानं तिला आणि बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, गुंडाळून खाटेवर टाकलं, आणि दोघं मायलेकरं एकाच वेळी झोपली. अव्वा हात पुसत होती तेव्हा काशीअक्का न्हाणीच्या उंबऱ्यापाशी घुटमळली. मग ती आली, रिकाम्या पाटावर बसली आणि आमच्याकडे पाठ करून तिनं अंबाडा सोडला.

"माझं बी महिनाभर झालं डोकं ठणकायलंय," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "येळ असंल तर बघ."

अव्वानं दोन्ही तळवे तिच्या डोक्यावर ठेवले. थोडा वेळ ठेवूनच दिले. मग चेपायला सुरुवात केली, कानामागून, टाळूपर्यंत, मानेपर्यंत, आणि आळीची सरपंच पाच मिनिटांत तोंड उघडं टाकून घोरायला लागली. मी तोंडात पदर, म्हणजे ओढणी कोंबून बाहेर पळाले. अव्वा तिला भिंतीला टेकवून, अंगावर चादर टाकून मागून आली. ओट्यांवर सगळ्या जणी तशाच थांबल्या होत्या. अव्वानं तेलाची बाटली काखेत मारली, पदर नीट केला, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "उद्या याच वेळेला. आधी सरांचं." आणि रस्त्याच्या मधोमध चालत घरी आली.